रानटर्की कसा शोधावा आणि कॅमेऱ्यात कसा टिपावा

न्यू जर्सीच्या वायव्य भागात किंवा मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात गाडीने फिरताना, रस्त्यालगतच्या कापणी झालेल्या मक्याच्या शेतात दहा-बारा मोठे काळसर पक्षी माना खाली घालून चरताना दिसतात. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी रानटर्कींचा असा थवा कधी ना कधी पाहिलेला असतो, आणि पुढे काय होते तेही बहुधा ठरलेले असते: गाडी थांबते, दार उघडते, कोणीतरी फोन पुढे धरून शेताकडे चालू लागते, आणि फोनमध्ये उरतात त्या झाडीकडे पळणाऱ्या पाठमोऱ्या आकृत्या. ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास धावू शकणाऱ्या या पक्ष्याच्या मागे जाऊन काही हाती लागत नाही. त्याची दिनचर्या मात्र बरीच नेमाची असते. तो रात्री कोठे बसतो, पहाटे कोठे उतरतो आणि दिवसा कोणत्या वाटेने चरतो हे एकदा कळले, की त्या वाटेवर त्याच्या आधी जाऊन बसणे एवढेच काम उरते. ते कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

आज सहज दिसणारा हा पक्षी एकोणिसाव्या शतकात ईशान्य अमेरिकेतून जवळजवळ नाहीसा झाला होता. जंगले तोडून शेते झाली आणि शिकारीला काही धरबंध राहिला नाही. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा मूळचा रानटर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारला गेल्याची नोंद आहे. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहण्यात आले, परंतु ते तगले नाहीत. रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडले, तेव्हा कोठे यश आले. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर भागात सोडले गेले, न्यू जर्सीत १९७७ मध्ये २२ पक्ष्यांपासून सुरुवात झाली, आणि आज एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे: जे तगले ते माणसाचा संशय बाळगणारे पक्षी होते, आणि आजचे थवे त्यांचेच वंशज आहेत.

टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे २७० अंशांचा परिसर दिसतो, आणि मान जराशी वळवली की उरलेलाही दिसतो. रंग त्याला उत्तम ओळखता येतात आणि अतिनील प्रकाशाचाही काही भाग दिसतो, म्हणून कपडे शुभ्र दिसावेत यासाठी चमक घातलेल्या पावडरीने धुतलेले कपडे रानात टाळावेत. वासाची जाण मात्र त्याला फारशी नसते. हरणाची वाट पाहताना वाऱ्याची दिशा सांभाळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती चिंता येथे सोडून द्यावी आणि सगळे लक्ष हालचाल न करण्याकडे द्यावे.

कोणता पक्षी समोर आहे

नर आणि मादी यांतला फरक लांबूनही ओळखता येतो. पूर्ण वाढलेला नर, ज्याला तिकडे टॉम म्हणतात, पाच ते अकरा किलो वजनाचा असतो. त्याच्या छातीची पिसे काळ्या टोकांची, डोके उघडे आणि लाल-निळे, आणि छातीच्या मध्यातून केसांच्या बटेसारखी एक दाढी लोंबत असते. मादी त्याच्या निम्म्याएवढी, तपकिरी झाक असलेली, छातीच्या पिसांची टोके फिकट. केवळ दाढीवरून निर्णय देऊ नये, कारण काही माद्यांनाही ती असते. वर्षभराच्या नराला जेक म्हणतात. त्याने पिसारा उभारला की मधली पिसे कडेच्या पिसांपेक्षा लांब असल्याचे दिसते, तर प्रौढ नराच्या पिसाऱ्याची कड अखंड गोलाकार असते.

शेपटीच्या टोकांचा रंग पाहिला तर उपजातही कळते. पूर्वेकडील राज्यांत ती टोके गडद तपकिरी असतात. टेक्सासकडील रिओ ग्रांदे उपजातीत ती फिकट पिवळसर, आणि डोंगराळ पश्चिमेकडील मेरिअम उपजातीत जवळजवळ पांढरी. कॅलिफोर्नियात दिसणारे टर्की मूळचे तेथले नाहीत, शिकारीसाठी आणून सोडलेले आहेत, आणि त्यांच्या शेपट्यांची टोके बहुतांशी रिओ ग्रांदेची आहेत. छायाचित्राखाली नाव लिहिताना ही माहिती उपयोगी पडते.

वाट शोधणे

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हातात कॅमेरा असला की माणूस पक्षी शोधतो, खुणा पाहत नाही. आणि येथे खुणाच महत्त्वाच्या आहेत. ओकच्या झाडांखाली पालापाचोळा ठिकठिकाणी उकरून मागे फेकलेला दिसला, तर थवा तेथे ओकची फळे वेचत असतो. पालापाचोळा ज्या बाजूला फेकला गेला आहे, त्याच्या उलट दिशेने पक्षी पुढे गेलेले असतात. नराची विष्ठा लांबट आणि एका टोकाला वळलेली असते, मादीची गोळ्यासारखी किंवा वेटोळी. रस्त्याच्या कडेच्या मऊ कोरड्या मातीत उथळ खळगे आणि त्यांत एखाद-दुसरे पीस दिसले, तर ती धुळीत अंग घोळण्याची जागा आहे, आणि अशा जागी पक्षी पुन्हा येतात.

सगळ्यांत मोलाची खूण म्हणजे रातथारा. टर्की दिवसभर जमिनीवर वावरत असला, तरी रात्री उंच झाडावर जाऊन बसतो. त्यासाठी आडव्या, मोकळ्या फांद्यांची मोठी झाडे त्याला लागतात, आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स व आसपासच्या ईशान्येकडील राज्यांत, बहुधा उतारावरचे जुने पांढरे पाइन वृक्ष तो निवडतो. संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी शेताच्या कडेला शांत उभे राहावे. एवढे जड पक्षी झाडावर चढतात तेव्हा पंखांचा धपधप आवाज आणि फांद्या मोडल्याची करकर बरीच लांब ऐकू येते. त्यावरून दिशा मनात पक्की करावी आणि तेथून निघून जावे. रातथाऱ्याखाली जाऊन वर पाहण्याचा मोह आवरावा, कारण संध्याकाळी उठवलेला थवा जागा बदलतो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया जाते.

सकाळी हे पक्षी उजाडताना खाली उतरतात, साधारणपणे सूर्योदयाच्या आसपास, आणि ढगाळ हवा असेल तर थोडे उशिरा. उतरल्यावर ते बहुधा जवळच्या मोकळ्या जागेकडे चालत जातात. रात्री पाऊस पडून गेला असेल तर ही शक्यता आणखी वाढते, कारण झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजात त्यांना धोक्याची चाहूल लागत नाही आणि ते कुरणात येऊन अंग वाळवतात.

बंदुकीच्या हंगामात

हा भाग कोणी वगळू नये. बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिल-मे महिन्यांत असतो, म्हणजे नेमका नर पिसारा उभारतात त्याच दिवसांत. त्या काळात शिकारी झाडाला टेकून, पूर्ण छद्मवेशात, मादीचा आवाज काढत बसलेला असतो आणि त्याच्यापुढे प्लास्टिकची मादी ठेवलेली असते. आपण ऐकलेला आवाज पक्ष्याचा आहे असे समजून त्या दिशेने दबकत जाणे, ही या छंदातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे. लाल, पांढरा, निळा आणि काळा हे नराच्या डोक्याचे आणि अंगाचे रंग असल्यामुळे टोपी, रुमाल, मोजे किंवा पाण्याची बाटली यांपैकी काहीही त्या रंगांचे नसावे. चालताना केशरी रंगाचे जाकीट घालावे आणि बसल्यावर ते मागच्या झाडावर वरच्या बाजूला बांधावे. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद खोड पाठीशी असावे. शिकारी दिसलाच, तर हात हलवून खूण करू नये. जागेवर स्थिर राहून मोठ्याने बोलावे.

अनेक राज्यांत वसंतातली शिकार दुपारपर्यंतच चालते आणि काही राज्यांत रविवारी बंद असते. आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाचे त्या वर्षाचे नियम वाचून दिवस ठरवावा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जेथे शिकारच होत नाही अशी जागा निवडणे. टेनेसीमधल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातील केड्स कोव्ह या खोऱ्यात अकरा मैलांचा वळसा घालणारा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुरणांत टर्की उघडपणे वावरतात, आणि गाडीतून न उतरताही छायाचित्रे मिळतात.

खासगी शेतात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, हे वेगळे सांगायला नको; पण पेनसिल्व्हेनिया, टेक्सास अशा काही राज्यांत झाडावर मारलेला जांभळा पट्टा म्हणजेच प्रवेशबंदीची पाटी असते, हे नवख्याला ठाऊक नसते. शेतकऱ्याला आदल्या दिवशी भेटून विचारावे. थवा कोणत्या कोपऱ्यात उतरतो हे तोच सांगतो, आणि हिवाळ्यात दुभत्या गुरांच्या गोठ्यातले शेण कोणत्या शेतात पसरणार आहे तेही सांगतो. त्या शेणातले न पचलेले मक्याचे दाणे वेचायला बर्फाच्या दिवसांत थवेच्या थवे येतात.

बसणे

उजाडण्याच्या किमान पाऊण तास आधी जागेवर पोहोचावे आणि रातथाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत जाऊ नये. लपण म्हणून बाजारात मिळणारा घडीचा लहान तंबू टर्कीसाठी फार चांगला चालतो. हरीण नव्या तंबूपाशी बिचकते, टर्की मात्र त्याच्या जवळून चरत जातो. तंबूच्या मागच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि आत गडद कपडे घालावेत, म्हणजे आपली आकृती उजेडावर उमटत नाही. तंबू नसेल तर चेहरा व हात झाकून झाडाच्या बुंध्याशी बसावे. बैठक जमिनीलगत असावी, कारण उभ्या माणसाने वरून काढलेल्या छायाचित्रात पक्षी बुटका आणि गवतात बुडालेला दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या छायाचित्रात मागची झाडी दूर आणि धूसर होते.

बुंध्याशी बसण्याआधी खाली नीट पाहावे. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही अंगाला लागली की आठवडाभर खाज सुटते, आणि मे ते जुलै या काळात खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडी लाइम रोग पसरवतात. पँट मोज्यांत खोचावी, कपड्यांवर परमेथ्रिन हे गोचिडींवरचे कीटकनाशक फवारलेले असावे आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत व केसांत तपासून पाहावे.

मादीचा आवाज काढणारी शिट्टी किंवा लाकडी पेटी वापरावी का, हा प्रश्न नेहमी निघतो. शिकारीच्या हंगामात सार्वजनिक जंगलात मुळीच वापरू नये, कारण तो आवाज ऐकून पक्ष्याऐवजी बंदूकधारी येऊ शकतो. इतर ठिकाणी दोन-तीनदा हलकेच आवाज देऊन थांबावे. नराने उत्तर दिल्यावरही पुन्हा पुन्हा बोलावत राहिले, तर तो जागेवरच उभा राहून मादी आपल्याकडे येण्याची वाट पाहतो. गप्प बसले तर शोधत येतो. ‘पट्’ असा तुटक, कडक आवाज ऐकू आला आणि माना ताठ झाल्या, तर आपण दिसलो आहोत असे समजावे आणि पापणीही न हलवता थांबावे. दाणे टाकून पक्षी जवळ आणणे तर पूर्ण वर्ज्य समजावे. अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि माणसाच्या हातून खायला सवयलेले नर पुढे माणसांवरच धावून जातात.

कॅमेरा

चारशे मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स पुरेशी आहे. सहाशेची असेल तर उत्तम. पण लपणातून बसणाऱ्याला नर इतक्या जवळ येतो की पूर्ण पिसारा चौकटीत मावत नाही, म्हणून झूम हवीच. शटरचा आवाज बंद ठेवावा. चालत्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद, भांडणाऱ्या जेकसाठी १/१२५०, आणि रातथाऱ्यावरून उतरणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० च्या आसपास शटर स्पीड लागतो. पहाटेच्या उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागला तर वाढवावा, कारण दाणेदार छायाचित्र सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही.

खरी अडचण प्रकाशमापनाची आहे. शरीर काळे, डोक्याचा माथा पांढरा. पक्ष्याने चौकट भरली आणि मागे सावलीतले झाड असले, की कॅमेरा काळेपणा पाहून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, वाढवतो आणि माथा नुसता पांढरा ठिपका होतो. अशा वेळी दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). बर्फात याच्या उलट होते. कॅमेरा बर्फाला राखाडी करू पाहतो आणि पक्षी काळा डाग होतो, म्हणून तेथे एक स्टॉपने वाढवावे. दोन्ही वेळा पडद्यावर डोके मोठे करून पाहावे आणि माथ्यावरच्या सुरकुत्या दिसतात की नाही यावरून ठरवावे. अंगाचा काळेपणा नंतर उजळता येतो. जळालेला माथा परत येत नाही.

पिसांना मुळात काळा रंग नसतोच, असे सकाळच्या तिरप्या उन्हात वाटते. सूर्य आपल्या पाठीशी आणि क्षितिजालगत असला, की त्याच पिसांवर तांबूस, पितळी आणि हिरवट झळाळी उमटते, आणि पक्ष्याने अंग वळवले की ती सरकत जाते. सूर्य वर चढल्यावर ती मावळते. यामुळे सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर सोडून बाकीचा वेळ मी खुणा शोधण्यातच घालवतो.

पिसारा उभारलेला नर

मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत नर पहाटे रातथाऱ्यावरूनच आरवू लागतात. हिवाळी थवे फुटताना हे आरवणे एकदा वाढते, आणि माद्या अंड्यांवर बसल्यानंतर, नर एकटे पडल्यावर, पुन्हा वाढते. छायाचित्रासाठी हा दुसरा काळ अधिक फळतो, कारण एकटा नर लांबवर चालत येतो.

जवळून पाहिले तर या प्रदर्शनाचा क्रम लक्षात येतो. नर आधी मान मागे ओढून अंग फुगवतो, मग शेपटी एका झटक्यात उभी राहते, पंख खाली पडतात आणि त्यांची टोके वाळलेल्या पानांवरून खरखरत जातात. हंगाम संपत येतो तेव्हा ती टोके झिजून बोथट झालेली असतात. त्यानंतर एक ‘छप्’ आणि पाठोपाठ इतका खर्जातला घुमारा येतो की तो कानांपेक्षा छातीत जाणवतो. या घुमाऱ्याच्या वेळी पिसे थरथरतात, म्हणून तेव्हा १/५०० च्या खाली जाऊ नये. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल लोलक, जो एरवी बोटाच्या पेराएवढा असतो, आता लांबून चोचीच्या खूप खाली लोंबतो आणि समोरून पाहणाऱ्याला डोळाही झाकून टाकतो.

याचमुळे समोरून पूर्ण गोल पिसारा टिपण्याची हौस लवकर संपवावी. ते छायाचित्र सगळ्यांकडे असते, आणि त्यात तोंड सापडत नाही. नर एकाच जागी हळूहळू गिरकी घेत असतो. तो बाजूने किंवा पाऊण अंगाने दिसेपर्यंत थांबावे, म्हणजे डोळ्यातला उजेड, लोलक, गळ्याच्या लाल गाठी आणि मागचा पिसारा हे सारे एकत्र येते. लेन्सचे छिद्र एफ/८ एवढे लहान ठेवल्यास डोक्याबरोबर पिसाराही बऱ्यापैकी स्पष्ट राहतो. फोकस मात्र डोळ्यावरच असावा.

डोक्याचे हे महत्त्व चारशे वर्षांपूर्वी जहांगीर बादशहाने ओळखले होते. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून, म्हणजे पोर्तुगीजांच्या बंदरातून, त्याच्यासाठी जे दुर्मीळ प्राणी आणले त्यांत टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्याचे रंग सरड्यासारखे बदलतात असे लिहिले, लोंबणाऱ्या लोलकाला हत्तीच्या सोंडेची आणि आखडलेल्या लोलकाला गेंड्याच्या शिंगाची उपमा दिली, आणि डोळ्याभोवतीचा निळा रंग मात्र बदलत नाही हेही नोंदवले. त्याच्या दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेले त्या पक्ष्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्यातला पक्षी बाजूनेच दाखवलेला आहे.

पिल्ले, घरटी आणि गावातले टर्की

मादी झुडपाखाली जमिनीवरच्या खळग्यात दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. घरट्याचे छायाचित्र काढूच नये. उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत उठवलेली मादी अंडी सोडून देऊ शकते, आणि आपल्या पायवाटेवरून रॅकून घरट्यापर्यंत पोहोचू शकतात. पिल्लांसाठी जूनमध्ये गवताळ कडांवर गाडी उभी करून थांबावे. गाडी हेच तेव्हा सर्वांत चांगले लपण असते. जेमतेम दोन आठवड्यांची होईपर्यंत पिल्लांना झाडावर चढता येत नाही, ती रात्री जमिनीवर आईच्या पंखाखाली असतात, म्हणून त्यांना पांगवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

बोस्टनच्या आसपासच्या ब्रुकलाइन, केंब्रिज यांसारख्या वस्त्यांत टर्की फुटपाथवर फिरतात, तेथे लपणाची गरज नाही. वसंतात असा एखादा नर गाडीच्या दारात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडताना सापडतो, आणि ते छायाचित्र मजेदार होते. तो अंगावर आला तर मात्र पाठ फिरवून पळू नये. मोठ्याने ओरडावे, छत्री उघडावी आणि एक पाऊल पुढे टाकावे. लहान मुले बरोबर असतील तर आधी त्यांना मागे घ्यावे.

घरी छायाचित्र संगणकावर घेतल्यावर रंग वाढवण्याची पट्टी शक्यतो हलवू नये, कारण डोक्याचे लाल आणि निळे आधीच टोकाला पोहोचलेले असतात आणि थोड्याशा वाढीनेही कातडीचा पोत निघून जातो. सावल्या उजळून अंगावरची पिसे सुटी दिसतील एवढेच करावे. छायाचित्र इतरांना पाठवण्यापूर्वी फाइलमधली ठिकाणाची नोंद काढून टाकावी, विशेषतः ते रातथाऱ्याजवळ काढलेले असेल आणि शिकारीचा हंगाम तोंडावर असेल तेव्हा.